क्रमांक चारमधले पावसाळी शहर

‘क्रमांक चारचा संगणक विजेच्या झटक्याने निकामी झाला असून, त्यास बेगिमाय या विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा कारणीभूत आहे. सदर संगणकात जतन करण्याजोगे काहीही नव्हते.’

मित्रांनो, काराकोल या डोंगरातल्या गावी सांस्कृतिक भवनाच्या दारावर हे निवेदन शिक्क्यासह लागले, आणि ज्यांनी ते वाचले त्यांपैकी एकाही सुशिक्षिताला हसू आले नाही. मी एक जुना संगणक आहे. निवेदनातला क्रमांक चार तो मीच. तेव्हा या विधानाची तपासणी करण्याचा थोडाफार अधिकार मला असावा. दोष विजेचा असेल, तर तो मुलीचा कसा? मुलीचा असेल, तर बिचाऱ्या विजेला साक्षीला का ओढले? आणि आत जतन करण्याजोगे काही नव्हतेच, तर असे काय गेले की ज्यासाठी गुन्हेगार शोधावा लागला? दोन वाक्यांत तीन दावे, आणि तिघेही एकमेकांचा गळा धरून उभे! कार्यालयीन गद्याशी माझा परिचय जुना आहे. भवनाची पत्रे अनेक वर्षे माझ्याच कळफलकावर जन्माला येत. पण इतके निर्लज्ज अपत्य मीही पाहिले नव्हते.

वस्तुस्थिती साधी होती. त्या दिवशी वीज अगदी शहाण्यासारखी वागली. माझ्याच शेजारच्या खटक्यावर चहाची किटली सुखाने उकळत होती. निकामीही मी झालो नव्हतो. माझ्यातले एक शहर नाहीसे झाले होते, एवढेच.

माझा जन्म कुठल्या चकचकीत कारखान्यातला नव्हे. अल्माटीच्या बाजारात तीन मेलेल्या यंत्रांचे अवयव जुळवून मला उभे केले गेले, आणि गोधडीत गुंडाळून, कोणाच्या तरी मांडीवर बसून मी घाट ओलांडला. भवनाच्या तळघरात पूर्वी चित्रपटगृह होते. तिथे मला माझ्या पाच भावंडांसोबत मांडले. इतरांवर मुले मोटारी पळवीत आणि रणगाडे उडवीत. माझ्यात मात्र कोणीतरी एक गुप्तहेराचा खेळ आणून ठेवला, आणि माझे आयुष्य बदलले.

त्या खेळातल्या शहरात सूर्य उगवत नसे. अखंड पाऊस, उंच काळ्या इमारती, खिडक्यांत पिवळे दिवे, आणि प्रत्येक माणसाच्या श्वासावर एका कंपनीची मालकी. खेळणाऱ्याने गुप्तहेर व्हायचे. वाट आखून दिलेली नव्हती. कोणता गुन्हा उकलायचा, कोणाचे दार ठोठवायचे, कोणाच्या बोटांचे ठसे घ्यायचे, कोणावर आरोप ठेवायचा, सारे त्याच्या मर्जीवर. चूकही त्याचीच. शहर दर वेळी नवे वसवता येई, पण माझ्या पोटात एका वेळी एकच मावे. म्हणून मुलांनी ठरवले की हे एकच शहर सगळ्यांनी मिळून राखायचे. गावात एखाद्याचे घर बांधायला सगळी आळी माती तुडवायला येते ना, तसे. एकाने उठताना दुसऱ्याला सांगायचे, इथवर आणले आहे, पुढे तू ने.

ते दिवस आठवले की माझा पंखा आजही उगाच जोराने फिरवावासा वाटतो. रिकाम्या पाच यंत्रांकडे पाठ करून मुले माझ्यापुढे रांग लावीत. पुढे बेगिमाय बसे. सतरा वर्षांची, काटक, नजरेतून काही न सुटणारी. तिच्या खांद्यावरून तिलेक डोकावे, ज्याची जीभ त्याच्या मेंदूच्या दोन पावले पुढे धावत असे. आणि मागच्या लाकडी खुर्चीवर जुमादिल आजोबा. ते इथले जुने चित्रपट दाखवणारे. तळघराची एक किल्ली अजून त्यांच्या खिशात असे. हिरवट तंबाखूची चिमूट जिभेखाली ठेवून ते माझ्या पडद्याकडे पाहत आणि म्हणत, “हे बरंय. पिक्चर तोच, पण रोज शेवट वेगळा.”

मग छत्रीवाल्याचे प्रकरण आले. शहरात एक शिंपीण मारली गेली होती. ठसे, बुटांचे माप, जिन्यावरचा ओला माग, सारे एका खोकणाऱ्या, पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्या छत्रीवाल्याकडे बोट दाखवत होते. आता केवळ त्याचे नाव उच्चारायचे बाकी होते. आणि तिथेच आमची गाडी रुतली.

“कर ना आरोप,” तिलेक म्हणाला.

“तू कर.”

“मी? अगं, तो खोकतो कसा बघ. हुबेहूब माझे आजोबा. उद्या घरी जेवायला कोणत्या तोंडानं बसू?”

“आणि मी त्याच्या स्वयंपाकघरात पाव खाल्लाय,” बेगिमाय पुटपुटली. “झडती घेताना. हेराला भूक लागली होती.”

“वा! खुन्याचं मीठ खाल्लंस! ही म्हणे गुप्तहेर!”

“आणि तू काय रे, त्याच्या दारात बूट काढून आत गेलास तो?”

“मग चिखलाचे पाय घेऊन जाऊ? माझ्या आईनं मला असं नाही वाढवलं.”

सगळे हसले. आजोबा हसले नाहीत. ज्यांनी तो खेळ रचला, त्या विद्वानांनी विष, गोळी, लाच आणि लबाडी यांचा बारकाईने विचार केला होता. एखाद्या गावात वडीलधाऱ्याकडे बोट दाखवणे हेच खुनाहून अवघड असेल, हा विचार त्यांना शिवलाही नसावा. एकामागून एक मुले येत, पुरावे पाहत, छत्रीवाल्यापुढे उभी राहत, आणि आरोप न ठेवताच परत फिरत.

एका दुपारी बेगिमायने मला सुरू केले आणि तिचा हात थांबला. रस्ते अनोळखी होते. पाऊस होता, पण ओळखीचा एकही माणूस नव्हता. शिंपीण नाही, छत्रीवाला नाही, कोपऱ्यावरचा शेवयावाला नाही. सगळ्यांनी मिळून वसवलेले शहर गेले होते.

तिने पडद्याकडे फार वेळ पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले. खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ ओढलेली होती, अधू डोळ्यांच्या माणसाने ओढावी तशी. आणि माझ्या कळांच्या फटींत हिरवट तंबाखूची पूड सांडलेली होती. मित्रांनो, त्या क्षणी तिला सारे कळले, हे मला कळले. खेळाने तिला तेवढे शिकवले होते. मग तिने असे काही केले, जे कोणत्याही गुप्तहेराच्या शास्त्रात बसत नाही. तिने वाकून हळूच फुंकर मारली आणि पुरावा उडवून दिला.

“अगं, ते तर...” तिलेकने तोंड उघडले.

“गप्प बस. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत मान खाली घालायला लावायची आहे का तुला?”

भवनाचे संचालक कुबानिच सिदिकोविच यांनी तपास केला तो असा: ते आले, उभ्याउभ्या माझी कळ दोनदा दाबली आणि गेले. संध्याकाळपर्यंत निवेदन दारावर होते. या यंत्रावर सर्वांत शेवटी बसलेली व्यक्ती कोण, एवढाच प्रश्न त्यांना पडला, कारण त्याचे उत्तर तळघराचा जिना न उतरता मिळत होते.

याची किंमत बेगिमायला मोजावी लागणार होती. राजधानी बिश्केकच्या महाविद्यालयात प्रवेशासाठी तिला वर्तणुकीचा दाखला हवा होता, आणि त्यावर सही त्यांची लागे.

“निष्काळजी मुलीला मी चांगल्या वर्तणुकीचा दाखला देऊ?” दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभे राहून ते सर्वांदेखत म्हणाले. “कोणी केलं ते सांग. नाहीतर तूच केलंस असं मी धरतो.”

बेगिमाय खाली बघत राहिली. “माझ्यावरच धरा, कुबानिच सिदिकोविच.”

“ऐकलंत? स्वतः कबूल झाली!”

मी तिथेच होतो. मला ठसे ठाऊक होते, वेळ ठाऊक होती, माणूस ठाऊक होता. मला वाचा नव्हती. ज्ञान असून मुके असणे ही शिक्षा काय असते, हे अनेक ग्रंथांत वाचायला मिळते. मी ती त्या दुपारी भोगली.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. जुमादिल आजोबा हसऱ्या चेहऱ्याने आत आले. काही हरवले आहे याची त्यांना गंधवार्ता नव्हती. उलट, मुले आता आपले आभार मानतील या अपेक्षेने ते आले होते. “काय रे, आवडलं का?” असे त्यांनी विचारले, आणि खोलीतल्या कोणालाही त्यांच्याकडे पाहवेना. त्यांनी एकेक चेहरा न्याहाळला, मुलीचा सर्वांत शेवटी. मग त्यांनी टोपी काढली.

दाखल्यावर त्याच दिवशी सही झाली. बेगिमाय बिश्केकला गेली. मुले काही वर्षे नव्या शहरात रमली, मग प्रत्येकाच्या खिशात एकेक छोटा पडदा आला आणि रांग मोडली. आज मी रंगमंचाखालच्या खोलीत, फाटक्या पडद्यांच्या ढिगाशेजारी असतो. निवेदन मात्र अजून दारावर आहे. माणसे चूक कबूल करतात. कार्यालये फक्त कागद पिवळा होऊ देतात.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. कोणतीही वस्तू निकामी ठरवण्याआधी तिच्या आत कोण राहत होते ते विचारा. आणि कोणत्याही मुलीवर दोष ठेवण्याआधी निदान एक जिना उतरा. मला वाचा नव्हती, पण ध्वनी टिपणारे माझे यंत्र त्या दिवशी शाबूत होते. म्हणून खऱ्या आरोपीची कबुली शब्द न शब्द देतो:

“शहर मी घालवलं, पोरीनं नाही. तुम्ही सगळे त्या छत्रीवाल्यापाशी येऊन अडत होतात. म्हटलं, लहानांनी मोठ्याकडे बोट दाखवू नये हे बरोबरच आहे, पण मी त्याच्याच वयाचा, मला कसली अडचण? म्हणून सकाळी एकटाच येऊन बसलो. त्याला सांगणार होतो, बाबा रे, पोरं खोळंबलीत, तू आपलं कबूल करून टाक. तो काही मला सापडला नाही. मग या यंत्रानंच मला विचारलं, नवं शहर वसवायचं का? आता माझ्या वयाच्या माणसाला कोणी येऊन विचारलं, नवं घर बांधू का, नवा संसार मांडू का, तर तो नाही म्हणतो का? मी दोन्ही हात पुढे धरले, दुवा दिली, हात तोंडावरून फिरवले, आणि हो म्हणालो.”