वयाचा दाखला

मी स्पष्टच सांगते, मला म्हाताऱ्या माणसांचा फार राग येतो. मी स्वतः सहासष्ट वर्षांची आहे, तेव्हा हे बोलायचा मला पुरेपूर हक्क आहे. चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढली. निवृत्त झाल्यावर घरी बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक टेबल मागून घेतलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते पाच मी तिथे बसते आणि सरकारी आरोग्य विम्याचे अर्ज भरून देते. सत्तरी पूर्ण झाली की हा विमा कुणालाही मिळतो, ऑपरेशनसुद्धा त्यात होतं. फक्त नाव नोंदवायचं. नोंदणी वर्षातून एकदाच दोन महिने चालते, मग खिडकी बंद. इतकं सोपं आहे सगळं. पण सोपं काम अवघड कसं करावं, यात आमच्या वयाच्या माणसांचा हात कुणी धरणार नाही.

अर्जात विचारलेलं असतं, काही आजार आहे का. बायको शेजारी बसली असेल तर नवरा छाती पुढे काढून म्हणणार, काही नाही. परवा एकांनी असंच सांगितलं आणि उठताना खिशातून मधुमेहाच्या गोळ्यांचं पाकीट माझ्या टेबलावर पडलं. बायकांची तऱ्हा निराळी. त्यांना काय दुखतं ते नवऱ्यालाच माहीत नसतं, कारण त्यांनी सांगितलेलंच नसतं. म्हणून मी एक नियम केला. जोडप्याला एकत्र बसवायचं नाही. एक जण टेबलाशी, दुसरा बाहेर पॅसेजमधल्या बाकावर, दार बंद. सगळं आधी शिसपेन्सिलीने लिहायचं, मग दुसऱ्याला बोलवायचं, मग पेन काढायचं. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

नोंदणीचा शेवटचा आठवडा होता. मंगळवारी सकाळी मास्तर आणि वहिनी आले. मास्तर म्हणजे आमच्या चौकातले शिंपी. दुकान आता बंद केलंय, पण गळ्यातली टेप अजून सुटलेली नाही. मास्तर माणसाकडे नुसतं पाहून छाती किती, बाही किती ते सांगतात, आणि तेवढ्यावर त्यांची मान आयुष्यभर ताठ राहिली. वहिनी काजं-बटणं करायच्या. त्या दिवशी मास्तर त्यांचं कोपर धरून त्यांना आत घेऊन आले, कारण वहिनींना दाराचा उंबरठा दिसला नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याने जवळजवळ काहीच दिसत नव्हतं आणि डाव्याचंही खरं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन-तीन महिन्यांत ऑपरेशन करा, फार पिकू दिलात तर मग माझ्या हातात राहणार नाही. पदरच्या पैशांनी करणं त्यांना झेपणारं नव्हतं. मास्तरांचं विम्याचं कार्ड गेल्या वर्षीच झालं होतं. ते त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशात घडी घातलेल्या रुमालात ठेवलं होतं आणि एकदाही वापरलं नव्हतं. आता वहिनींचं करायला आले होते.

मी कागद पाहिले आणि माझा चेहरा पडला. वहिनींचं वय एकोणसत्तर. अकरा महिने कमी. मी मास्तरांना सांगितलं की पुढच्या वर्षी या, यंदा बसत नाही. मास्तर माझ्याशी भांडले नाहीत, ते भांडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं की माझं कार्ड हिच्या नावावर नाही का करता येणार. मी नाही म्हटलं. तरी काही वेगळी सोय निघते का ते बघू म्हटलं, आणि माझ्या नियमाप्रमाणे मास्तरांना बाकावर पाठवून दार लावलं.

दार लागलं तशा वहिनी खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, “बाई, मी त्र्याहत्तरची आहे.”

मी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी सगळं सांगितलं, एका दमात, जणू कधीपासून तोंडाशी येऊन थांबलं होतं. स्थळ आलं तेव्हा वहिनी सव्वीसच्या होत्या, मुलगा चोवीसचा. मुलगी मोठी आहे म्हटल्यावर लग्न मोडेल म्हणून त्यांच्या मावशीने चार वर्षं सरळ गिळून टाकली. विवाह नोंदणीच्या वहीत बावीस लागलं. पुढचे सगळे कागद त्या वहीवरून बनले. मावशी म्हणाली होती, लग्न झालं की आठवड्याभरात सांगून टाक. तो आठवडा सत्तेचाळीस वर्षांत काही आला नव्हता.

मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी आवरलं. मी म्हटलं, अहो, मग अडचण कसली, दोन गल्ल्या सोडून नोंदणी कार्यालय आहे, तिथे जन्माच्या जुन्या वह्या आहेत, दुरुस्ती होते. वहिनी म्हणाल्या, ते माहीत आहे, चौकशी करून झाली आहे. पण लग्नाची नोंद दुरुस्त करायची तर नवरा-बायको दोघांची सही लागते. दोघांच्या खऱ्या जन्मतारखा एकाच कागदावर, आणि खाली दोघांनी लिहून द्यायचं की वरचं सगळं खरं आहे.

“म्हणजे यांना कळणार,” वहिनी म्हणाल्या. “माणूस बाहीत अर्धा इंच चुकला तर रात्रभर तळमळतो. त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की चार वर्षं चुकली म्हणून? राहू दे बाई. मी थांबते वर्षभर.”

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, वर्षभर थांबलात तर डोळे थांबणार आहेत का? नवऱ्याला काय वाटेल म्हणून आंधळ्या होणार? मी पोस्टात असताना सुद्धा इतकी ओरडले नव्हते.  वहिनींनी रुमालाने नाक पुसलं आणि म्हणाल्या, बोलवा त्यांना, पण तुम्ही इथून हलू नका.

मी मास्तरांना आत घेतलं. दुरुस्तीचे छापील फॉर्म माझ्या खणात असतातच, तारखांचे घोळ आमच्या पिढीत घरोघरी आहेत. मी एक फॉर्म टेबलावर ठेवला. वहिनींनी टेबलाच्या कडेकडे बघत सांगून टाकलं, सव्वीस, मावशी, चार वर्षं, सगळं.  मास्तरांनी चष्मा लावला, फॉर्म उचलला, वरून खालपर्यंत वाचला. जिथे ‘पतीची खरी जन्मतारीख’ असं छापलं होतं तिथे त्यांचं बोट थांबलं. चेहरा पांढरा पडला. फॉर्म परत ठेवून ते उठले आणि बाहेर निघून गेले.

“बघितलंत?” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं.

मी तरातरा बाहेर गेले. मास्तर बाकावर बसले होते, टेप बोटाभोवती गुंडाळत होते, सोडत होते. मी त्यांना असं काही झापलं की वाचनाच्या खोलीतून दोन डोकी बाहेर आली. म्हटलं, बायकोचे डोळे जातायत आणि तुम्ही वयाचे हिशेब धरून रुसता? लाज नाही वाटत? सत्तेचाळीस वर्षं काजं-बटणं केली तिने तुमची.

मास्तर सगळं ऐकून घेत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, “बाई, मी रुसलो नाही. त्या कागदावर मला सही करता येत नाही. माझीही तारीख खोटी आहे.”

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

मास्तर पंधरा वर्षांचे असताना गणवेश शिवायच्या कारखान्यात माणसं घेत होते, पण अठराच्या खालचं कुणी नको होतं. घरी आई आजारी, मागे दोन बहिणी. मास्तर अंगाने उंच होते. त्यांनी अठरा सांगितलं, फाटकावरच्या माणसाने अठरा लिहिलं, आणि तीन वर्षं आयुष्याला जी चिकटली ती चिकटलीच. लग्नाच्या वहीत चोवीस लागलं ते त्याच कागदावरून. खरे होते एकवीस. आज सगळे त्यांना एकाहत्तरचे समजतात. खरे अडुसष्टचे.

“खरी तारीख लिहिली तर माझं कार्ड जाणार ना?” त्यांनी विचारलं.

मी खोटं कशाला बोलू? जाणार म्हटलं. सत्तर पूर्ण नाहीत तर विमा नाही. कार्ड वापरलेलं नाही, म्हणून स्वतःहून परत दिलंत तर कुणी काही म्हणणार नाही, पण पुढची दोन वर्षं तुम्हाला काहीही झालं तरी विम्याचा आधार नाही.

“कार्ड गेलं तर जाऊ दे हो,” मास्तर म्हणाले. “कार्डाचं मला काही नाही. पण सत्तेचाळीस वर्षं मी तिला सांगत आलोय, मी मोठा आहे, तू काळजी करू नकोस. दुकान बुडायला आलं तेव्हाही हेच सांगितलं. ती बिचारी त्या भरवशावर निवांत झोपली. आता कसं सांगू की मी लहान होतो आणि मलाही भीती वाटत होती?”

  मी एवढंच म्हटलं की आत ती रडते आहे, आणि ती समजते आहे की तुम्ही तिच्यावर रागावलात. हे ऐकल्याबरोबर मास्तर ताडकन उठले.

आत जाऊन ते वहिनींसमोर उभे राहिले आणि हजेरी द्यावी तसे म्हणाले, “मी अडुसष्टचा आहे.” मग कारखाना, फाटक, अठरा, सगळं सांगितलं.  वहिनी बोटांवर हिशेब करू लागल्या. एकदा केला, पुन्हा केला.

“म्हणजे लग्नात तुम्ही एकवीस वर्षांचे होतात?”

“हो.”

“आणि मी सव्वीस.”

“आता असं दिसतंय खरं.”

“अगं बाई,” वहिनी म्हणाल्या, “मी पोराशी लग्न केलं.” आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. मास्तर आधी ओशाळले, मग तेही हसायला लागले, मग मी. पोट धरून हसलो आम्ही. वाचनालयाच्या व्यवस्थापक बाई गप्प करायला आल्या, आणि काय झालं हे कळल्यावर त्याही दारात उभ्या राहून हसल्या. इतकं मनापासून मी नोकरी सोडल्यापासून हसले नव्हते. मला त्या दोघांचा भयंकर राग आला होता आणि भयंकर माया पण आली होती, दोन्ही एकदमच.

फॉर्म पेनाने भरला. मास्तरांनी आपली खरी तारीख स्वतःच्या हाताने लिहिली आणि सही केली. वहिनींना ओळ दिसत नव्हती, म्हणून मास्तरांनी त्यांचं बोट सहीच्या जागी नेऊन ठेवलं.

बुधवारी आम्ही तिघं नोंदणी कार्यालयात गेलो. तिथला कारकून शिक्क्याला इतका जीव लावतो की तो उठवताना श्वास रोखतो. त्याने धूळ झटकत जन्माच्या वह्या काढल्या. दोघांच्याही नोंदी होत्या, एकाच कपाटात, पाच वर्षांच्या अंतराने, कुणी कधी विचारलंच नव्हतं. दाखला शुक्रवारी मिळेल, म्हणाला. मी म्हटलं, शुक्रवारी पाचला विम्याची नोंदणी बंद होते. तो म्हणाला, बघू. मला या ‘बघू’चा फार अनुभव आहे, मी स्वतः चौतीस वर्षं लोकांना ‘बघू’ म्हटलं आहे. त्यामुळे शुक्रवारी माझं टेबल व्यवस्थापक बाईंवर सोपवून दुपारी दोनपासून मी त्याच्या टेबलासमोर ठाण मांडून बसले आणि त्याने घेतलेल्या प्रत्येक चहाकडे डोळे वटारून पाहिलं. सव्वाचारला त्याने श्वास रोखला आणि शिक्का उठवला.

पाचला दहा कमी असताना वहिनींचा अर्ज गेला. पोच पावती हातात आली आणि माझा जीव भांड्यात पडला. मास्तरांनी आतल्या खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली आणि आपलं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. परत घेतलेलं कार्ड दोन तुकडे करून पाकिटात घालायचं असतं. मी कात्री काढली. मास्तरांनी कात्री माझ्या हातातून घेतली आणि एका झटक्यात, सरळ रेषेत, कार्ड कापून दिलं. वहिनींनी आवाज ऐकला. त्या म्हणाल्या की आता दोन वर्षं खोकायचंसुद्धा नाही, मी मोठी आहे, मी सांगते ते ऐकायचं. मास्तर बरं म्हणाले. मी माझ्या डायरीत दोन वर्षांनंतरच्या पानावर त्यांचं नाव लिहून ठेवलं.

महिन्याभरात डावा डोळा झाला. पट्टी काढायच्या दिवशी मी उगाचच गेले, म्हणजे उगाच असं मी वाचनालयात सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, डोळा पुसला आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. वहिनींनी तक्त्याकडे बघितलंच नाही. मास्तर पलंगाच्या पायाशी उभे होते, त्यांच्याकडे बघत राहिल्या. कपाळ, भुवया, कान, हनुवटी, सगळं एकेक करून बघितलं. गेली तीन वर्षं त्यांना तिथे नुसता एक धूसर आकार दिसत होता. मास्तर बिचारे टेप चाचपत उभे.

“एकाहत्तरचा कुठला रे तू?” वहिनी म्हणाल्या. “अडुसष्टचाच दिसतोस.”