बॉनेटवरचा ठसा

डॉक्टर दातांचे होते, पण त्यांचा जीव गाड्यांत अडकलेला. खऱ्या नव्हे, तळहातावर मावणाऱ्या. दुपारी घरातलाच दवाखाना बंद झाला की ते मागच्या खोलीत शिरत, चष्म्यावर भिंग चढवत आणि मॉडेलचं किट पुढ्यात घेत. दात कोरून कोरून बोथट झालेली हत्यारं इथे नव्याने कामाला लागत. बारीक टोकाने दारांच्या फटी कोरायच्या, चिमट्याने नखाएवढे आरसे बसवायचे. आणि रंगकाम? त्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी रंगवलेल्या गाडीच्या टपात खोलीतला दिवा स्वच्छ दिसे.

फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीत त्यांचा क्लब होता. लांबलचक टेबल, खिडकीशी रंग फवारायची पेटी आणि वेड लागलेली चार-पाच प्रौढ माणसं. दरवर्षी प्रदर्शन भरे आणि पहिलं बक्षीस डॉक्टरांना मिळे. बाकीचे आपसात दुसऱ्या नंबरासाठी भांडत.

डॉक्टरांची बायको ग्रंथपाल होती. नवी गाडी पुढे धरली की ती पुस्तकातून अर्धी मान वर करून म्हणे, "छान झालीय हं." आणि पान उलटवत असे. डॉक्टरांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. तिला त्यातलं काही कळत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

मग क्लबात कॅप्टन आले. जहाजावरची नोकरी संपवून निवृत्त झालेले, विधुर, बोलायला मोकळेढाकळे. कॅप्टन हे नाव क्लबातल्यांनी पाडलेलं. त्यांचं रंगकाम बरं म्हणावं इतपतच. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ते हेरलं आणि निश्चिंत झाले.

एका रविवारी बायको डॉक्टरांना न्यायला क्लबात आली. दोघांना तिच्या बहिणीकडे जायचं होतं. डॉक्टर हात धुऊन बाहेर येतात तो ती कॅप्टनच्या टेबलाशी वाकून उभी. समोर जुन्या ढंगाची गडद हिरवी गाडी. मागचं दार अर्धवट उघडं, सीटवर एक पिटुकली छत्री, पायाशी एका पायातला बूट.

"दुसरा बूट कुठे गेला हो?" बायको विचारत होती.

"तेच तर ती शोधायला उतरलीय," कॅप्टन म्हणाले.

"कोण?"

"ते अजून ठरायचंय."

बायको खळखळून हसली. मग गुडघे टेकून काचेतून आत पाहू लागली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. डॉक्टर दारात ताटकळले. बहिणीकडे पोचेपर्यंत आणि तिथून परत येईपर्यंत ती त्या गाडीबद्दलच बोलत होती. डॉक्टरांच्या पोटात कोळसा पेटला होता.

"रंग खडबडीत बसलाय त्याचा," ते शेवटी म्हणाले. "टपावर संत्र्याच्या सालीसारखा."

"असेल," ती म्हणाली. "मी आत बघत होते."

त्या एका वाक्याने ते आतून सोलवटून निघाले. इतक्या वर्षांत माझ्या एका तरी गाडीच्या आत पाहिलंस का, असं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. विचारण्यात कमीपणा होता. पुढचे कितीतरी दिवस ते पेशंटच्या जबड्यात पाहत असले तरी त्यांना दिसे ती गुडघ्यांवर बसलेली बायको. ती सहज म्हणाली, "कॅप्टनना एकदा जेवायला बोलवू या," तर त्यांच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या.

प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी कॅप्टननी क्लबात ती गाडी पुन्हा रंगवली. जुना रंग काढून नवा दिला, वर पारदर्शक लॅकरचा जाड हात मारला. डॉक्टरांनीच पूर्वी दिलेला सल्ला त्यांनी तंतोतंत पाळला होता, आणि रंग सुरेख बसला होता. "उद्यापर्यंत कुणी हात लावू नका रे बाबांनो," असं बजावून ते गेले. मागोमाग बाकीचेही पांगले. कुलूप लावायचं काम डॉक्टरांकडे.

खिडकीतून उन्हाचा पट्टा थेट गाडीवर पडला होता. डॉक्टरांनी वरचा प्लॅस्टिकचा डबा उचलला. फक्त पाहायचं, असं ते स्वतःला सांगत होते. बॉनेटमध्ये त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, इतका रंग गुळगुळीत. पुढच्या क्षणी त्यांनी अंगठा टेकवला. दाबला. उचलला तेव्हा लॅकरची बारीक तार अंगठ्याबरोबर वर आली. त्यांनी डबा जसाच्या तसा झाकला, कुलूप लावलं आणि घरी जाऊन तीन वेळा हात धुतले.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "डॉक्टर, गाडीवर ठसा उमटलाय हो. माझाच असणार. डबा ठेवताना टेकला असेल. हल्ली हात थरथरतात की काय, कुठे काय लागतं समजत नाही. तुमच्याशिवाय हे कोण निस्तरणार?"

नाही म्हणायला तोंडच नव्हतं. कॅप्टन गाडी घेऊन घरी आले. डॉक्टरांनी लॅकर पुरता कडक होऊ दिला. मग साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या अतिबारीक सँडपेपरने बॉनेट घासायला बसले. ठसा थेट रंगापर्यंत उतरला होता. जरा जोर झाला तर रंगाखालचं पांढरं अस्तर दिसायला लागेल. दोन दुपारी त्यातच गेल्या. आणि नवल म्हणजे, बायको पुस्तक मिटून शेजारी येऊन बसली.

"पाणी कशाला?"

"धूळ वाहून जाते. ओरखडा उठत नाही."

"कळतं कसं कधी थांबायचं ते?"

"बोटाला कळतं."

तिने त्यांच्या बोटांकडे टक लावून पाहिलं. जे मिळावं म्हणून ते कुढले होते, ते आता मिळत होतं, आणि ते मान खाली घालून घासत राहिले.

गाडी पूर्ववत झाली. खरं तर पूर्वीपेक्षा सरस. कॅप्टन न्यायला आले तेव्हा हातात एक लांबट डबा होता. त्यांनी तो डॉक्टरांपुढे सरकवला. "माझा एअरब्रश. ठेवून घ्या. प्रदर्शन झालं की मी थांबतोय."

"थांबतोय म्हणजे?" बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

"हात गेले, वहिनी. स्वतःचं काम स्वतःच बिघडवलं आणि पत्ताही लागला नाही. घरी आता चिमटा उचलायची भीती वाटते. वेळेवर आवरलेलं बरं."

डॉक्टरांनी डब्याकडे पाहिलं. आता मैदान मोकळं होतं. गप्प बसलं की झालं. कॅप्टन खुर्चीत बसले होते, आपलेच दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे त्यांच्याकडे पाहत.

"ठसा माझा होता," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"मी मुद्दाम दाबला. कुलूप लावताना."

कॅप्टननी हात वर उचलले, बोटं पसरली, पुन्हा मिटली. "म्हणजे... माझे हात ठीक आहेत?"

"ठणठणीत आहेत."

कॅप्टनचा चेहरा क्षणभर लहान मुलासारखा उजळला. मग त्यांना बाकीचं उमगलं. कानापर्यंत लाल होत ते उठले. "शरम वाटायला हवी होती तुम्हाला," एवढंच म्हणाले. गाडी उचलली, एअरब्रशचा डबा काखेत मारला आणि चहाला हात न लावता निघून गेले.

बायकोने ट्रे खाली ठेवला. "का केलंत असं?"

"तू गुडघे टेकून बसली होतीस. त्याच्या गाडीपुढे."

"अहो, गाडीपुढे! त्यांच्यापुढे नाही!"

"तेच तर," डॉक्टर म्हणाले. "त्याच्यापुढे बसली असतीस तर एक वेळ समजलं असतं."

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. ट्रे उचलून आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला तिथे कुणी नको असतं. दार लावून बसता ना."

प्रदर्शनात पहिलं बक्षीस हिरव्या गाडीला मिळालं, दुसरं डॉक्टरांना. कुणी रंगाची वाखाणणी केली की कॅप्टन डॉक्टरांकडे न पाहता सांगत, "बॉनेट त्यांनी केलंय, त्यांना विचारा." बाकी एक शब्दही नाही. क्लबात त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि ते डॉक्टरांना जास्त जड जात होतं.

बायको पुन्हा त्या गाडीपाशी होती. काचेला नाक लावून कॅप्टनशी काहीतरी बोलत होती, कॅप्टन हातवारे करून समजावत होते. डॉक्टरांच्या पोटात तोच कोळसा पुन्हा लालबुंद झाला. एवढं सगळं होऊनही तो विझला नव्हता, याचंच त्यांना नवल वाटलं. ते थोडा वेळ आपल्या टेबलाशी उभे राहिले. मग गर्दीतून वाट काढत तिकडे गेले.

कॅप्टननी वर पाहिलं. "हात खिशात," ते म्हणाले.

डॉक्टरांनी मुकाट्याने दोन्ही हात खिशात घातले. बायको थोडी बाजूला सरकली, आणि ते तिच्या शेजारी वाकून आत पाहू लागले.