ड्रिल बिघडलंय, आन्टी!

नोएलची कंपनी अजून जन्माला यायची होती, पण कंपनीचे टी-शर्ट छापून झाले होते. पाठीवर ठळक अक्षरांत 'फाउंडर'. हल्ली आपल्या उपनगरांत ही साथच आली आहे. माल नाही, गिऱ्हाईक नाही, पण भिंतीवर लुकलुकणारी पाटी हवी आणि तोंडात 'आम्ही समाज बदलणार' हवं! कांदिवलीतल्या आपल्या हॉलला नोएल 'हेड ऑफिस' म्हणायचा आणि बायको किम्बर्लीने तिथे कपडे वाळत घातले की चिडायचा.

त्याच्या ॲपचं नाव 'शेजार'. घरात पडून असलेली शिडी, ड्रिल, मोठं पातेलं शेजाऱ्यांनी एकमेकांना भाड्याने द्यायचं आणि ॲपने मधलं कमिशन घ्यायचं. नोएलने नातेवाइकांना घरी बोलावून ही कल्पना ऐकवली. सगळे म्हणाले, झकास! केक खायला बोलावलेली माणसं दुसरं काय म्हणणार? पण या अतिशहाण्याने त्यालाच मार्केट रिसर्च ठरवलं.

इथवर हसून सोडून देता आलं असतं. पण रविवारी त्याने कॉलेजचा मित्र आकाश याला बोलावलं. आकाशची औषध कंपनीत पक्की नोकरी होती आणि त्याच्या आईचं, द्रौपदीबाईंचं, डायलिसिस त्याच कंपनीच्या मेडिक्लेमवर चालत होतं. नोएलला तो पूर्णवेळ पार्टनर म्हणून हवा होता.

"राजीनामा पाठव यार! असा चान्स परत येत नाही."

आकाशने फोन काढला. मेल लिहून तयारच होता. शेजारी त्याची बायको सपना बसली होती, तीही त्यांच्याच वर्गातली.

"थांब रे," ती म्हणाली. "नोएल, हे वापरणार कोण?"

"अख्खी मुंबई!"

"मुंबई राहू दे. तुझ्या बिल्डिंगमधलं एक नाव सांग."

"सपना, तू फार छोटा विचार करतेस," नोएल हसला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या जानकी आन्टी.

"नोएल, पडद्याचा रॉड लावायचाय. तुझं ड्रिल दे ना जरा. संध्याकाळी आणून देते."

"बिघडलंय, आन्टी," नोएल पटकन म्हणाला. दार लावून तो वळला. "कशाला द्यायचं? लोक मोडून आणतात."

ड्रिल कपाटावर होतं. भिंतीवरची ती लुकलुकणारी पाटी त्याने कालच त्याच ड्रिलने बसवली होती.

"वा रे फाउंडर!" सपना उसळली. "तू स्वतःचं ड्रिल समोरच्या दारात देत नाहीस आणि अख्ख्या मुंबईने द्यायचं?"

"ते वेगळं आहे गं."

"काय वेगळं? ड्रिल तुझं आहे म्हणून? आणि सासूबाईंचं डायलिसिस आमचं आहे, म्हणून ते पणाला लावायला तुला काहीच वाटत नाही! आधी दारं वाजव. जो नाही म्हणेल, त्याला का ते विचार. काका-मावशांचं कौतुक नको. लोक खरंच देवघेव करायला लागले की मग ॲप बनव. तोवर आकाश सुट्टीच्या दिवशी मदत करेल. नोकरी सोडणार नाही!"

नोएलचा चेहरा उतरला. नजर कपाटावरच्या ड्रिलकडे गेली. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आकाश, मेल डिलीट कर," तो म्हणाला. ड्रिल काढून तो समोर गेला. "आन्टी, बिघडलं नव्हतं. खोटं बोललो. सॉरी."

"माहीत होतं रे. काल आमची भिंत हादरत होती ना!"

नोएलने मान खाली घातली. मग विचारलं, "तुम्ही तुमची वस्तू अनोळखी माणसाला द्याल?"

"मोडली तर भरून कोण देणार ते सांग, मग बघू."

इतक्या महिन्यांत त्याच्या ॲपबद्दल कोणी केलेला हा पहिला उपयोगाचा प्रश्न होता.

तेव्हा मंडळी, कंपनी जरूर काढा. पण जे आपण स्वतः करणार नाही, ते जगाच्या गळ्यात मारू नका आणि आपल्या हौसेपायी दुसऱ्याच्या घरचा आधार काढून घेऊ नका. आधी समोरचं दार वाजवा. टी-शर्ट नंतरही छापता येतात!