भिंगरीच्या चिठ्ठ्या

मी एक काचेचं कपाट बोलतोय. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे. आत काय आहे ते दाखवायचं आणि आपण गप्प उभं राहायचं, एवढंच मला ठाऊक. पण गेले काही महिने या घरात जे चाललंय, ते कुणाला तरी सांगितल्यावाचून आता राहवत नाही.

एका सुताराने मला औषधांच्या दुकानासाठी घडवलं. पाच फळ्या, दोन सरकत्या काचा, तळाला एक खण. काच एका बोटाने सरकली पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. त्यापायी त्याने खालची खाच तीनदा तासली. मग सत्तावीस वर्षं मी खोकल्याची औषधं आणि मलमाच्या डब्या सांभाळल्या. माझ्यासमोर येणारी माणसं घरात कुणी ना कुणी आजारी ठेवूनच आलेली असायची. हसरा चेहरा मी फार कमी पाहिला.

दुकानदार थकला. त्याच्या मुलाने दुकानात मोबाइल विकायचं ठरवलं आणि मला उचलून फुटपाथवर ठेवलं. दुकान रंगवायला एक रंगारी आला होता. शिडी खांद्यावरून उतरवत त्याने विचारलं, "हे टाकताय?"

"टाकलंच की."

"मग मी नेतो."

दुसऱ्या दिवशी तो हातगाडी घेऊन आला. बरोबर नऊ वर्षांची मुलगी होती. तिने रस्ताभर माझ्या काचा दोन्ही हातांनी दाबून धरल्या आणि दिसेल त्याला बजावलं, "काच आहे हं! बाजूला व्हा!" वाट मोकळी होती, तरी बजावलं. ही पोरगी एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे.

दोन खोल्यांचं घर. आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं, आपण चुकून एखाद्या जुन्या बाजारात आलो. भिंतीवर अनोळखी माणसांच्या नावाच्या पाट्या. दाराच्या मुठी, खिडक्यांच्या कड्या, न वाजणाऱ्या घंटा, कुलूप हरवलेल्या किल्ल्या, कडेला काळा पडलेला आरसा. लोक घर सोडून गेले की रिकाम्या घरात पहिला शिरतो तो रंगारी. मागे राहिलेलं, कुणालाच नको असलेलं तो खिशात घालून आणायचा. त्याचा सगळ्यांत लाडका ऐवज म्हणजे एक पोपडा. कुठल्याशा भिंतीचा खरवडलेला, नखाएवढ्या जाडीचा, आणि त्यात एकावर एक सात रंग. तो म्हणायचा, "सात वेळा या घरात कुणीतरी नव्याने सुरुवात केली."

रंगाऱ्याला वाचता येत नव्हतं. रंगाचे डबे तो झाकणावरच्या ठिपक्यावरून ओळखायचा. भिंगरीने त्याला शिकवायचा चंग बांधला होता, पण गाडी सहीपलीकडे गेली नाही. "बाबा, तुम्ही अक्षरंसुद्धा रंगवता हो! लिहा, रंगवू नका," म्हणून ती हसत सुटायची.

मग तिनेच एक गोष्ट सुरू केली. मोठेपणी ती छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली होती. तिथली कागदाची कातरणं ती घरी आणायची, एका टोकाला भोक पाडायची, दोरा ओवायची आणि प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधायची. दर रविवारी बापलेक माझ्यासमोर फतकल मारून बसायचे. तो सांगायचा, ती लिहायची. लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवायची. तो मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बरोब्बर."

तेव्हा भिंगरीची आई आत भांडी घासत असायची. ती शिवणकारखान्यात काजं-बटणं करायची. आठवड्याचे सहा दिवस मशीन, सातव्या दिवशी घर. तिला या पसाऱ्याचा राग होता, असं मी समजत होतो. माझी समजूत किती अपुरी होती, ते पुढे कळलं.

भिंगरी बावीस वर्षांची होती. आधी नुसता ताप आला. मग डॉक्टर म्हणाले, रक्तात दोष आहे. तिला दवाखान्यात नेलं तेव्हा दारातून वळून ती मला नव्हे, बापाला म्हणाली, "नवीन काही आणलंत तर ठेवून द्या. आल्यावर लिहिते."

एकोणीस दिवस ती तिथे होती. त्या दिवसांत रंगारी दवाखान्याच्या वाटेवर जे दिसेल ते उचलून आणत राहिला. हिरव्या काचेचा तुकडा, चिनी मातीचं बटण असलेला विजेचा जुना खटका, पंख्याचं पितळी बोंड. आणलं की त्याला कोरी चिठ्ठी बांधायचा आणि माझ्या सगळ्यांत खालच्या फळीवर मांडायचा. अशा आठ वस्तू झाल्या.

विसाव्या दिवशी दोघंच परत आले. आईच्या हातात एक पिशवी होती. पिशवीत कंगवा, टॉवेल, पाण्याची बाटली आणि एक चप्पल. एकच.

लोक आले, बसले, गेले. मग घर असं गप्प झालं की माझ्या लाकडाची करकर मलाच ऐकू यायला लागली. आई कामावर जाऊ लागली. रंगाऱ्याने ब्रश हातात धरला नाही. तो रोज सकाळी दवाखान्यात जायचा आणि वॉर्डातल्या परिचारिकेला विचारायचा, "दुसरी चप्पल सापडली का?" पहिले काही दिवस त्या बाईने पलंगाखाली वाकून पाहिलं. नंतर ती दुरूनच मान हलवायची. हे तोच आईला सांगायचा. आई ऐकायची आणि ताट वाढायची.

दुपारी परतला की तो माझ्यासमोर बसायचा. काच सरकवायची, एक वस्तू काढायची, गालाला लावायची. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचे ताण सैल व्हायचे. साऱ्या जगात त्याला श्वास घेता यायचा तो एवढ्या चार हात जागेत, माझ्यासमोर. मला त्याचा अभिमान वाटायचा. मी त्याला सावरतोय, असं वाटायचं.

पण मग ते घडायला लागलं. त्याला आठवेनासं झालं. वस्तू हातात घ्यायचा आणि तिच्याकडे बघतच राहायचा. ही मूठ कुठली? ही घंटा कुणाची? पूर्वी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं त्याने. दुःखाने त्याच्या डोक्यातलं सगळं कालवून टाकलं होतं. चिठ्ठी हातात होती, चिठ्ठीवर लेकीचं अक्षर होतं, आणि ती काय म्हणतेय ते त्याला कळत नव्हतं. तो चिठ्ठी डोळ्यांजवळ न्यायचा, लांब धरायचा, हुंगायचा. एकदा त्याने अक्षरांवरून बोट फिरवत अगदी हळू म्हटलं, "बोल ना गं."

मी काय करणार? मला काच आहे, तोंड नाही.

आईचे मोठे भाऊ आले तेव्हा त्यांनी घरभर नजर फिरवली आणि बहिणीला बाजूला घेतलं. "या अडगळीत माणूस वेडा होईल. निम्मा झालाच आहे. उद्या मी पोती पाठवतो. तो बाहेर गेला की भरून टाक. दोन दिवस ओरडेल, मग शुद्धीवर येईल."

पोती आली. रंगारी चपलेच्या शोधात गेला होता. आईने कामावरून सुटी घेतली होती. तिने भिंतीवरच्या पाट्या उतरवल्या, किल्ल्या भरल्या, मग माझी काच सरकवली. पहिली फळी रिकामी झाली. दुसरी झाली. तिचे हात यंत्रासारखे चालत होते, पण चिठ्ठ्यांकडे ती बघत नव्हती. मान फिरवून, चाचपडत वस्तू उचलत होती.

रंगारी लवकर परतला. दारातच थांबला.

"काय करतेस?"

"दिसत नाही?"

"ठेव ते. हात लावू नकोस."

"का नको लावू?" ती गर्रकन वळली. "लोकांची घरं उचलून आणलीत आणि आपल्या घरात माणसाला उभं राहायला जागा ठेवली नाहीत. श्वास कोंडतो माझा इथे. जिकडे बघावं तिकडे तिचं अक्षर! मी कुठे बघू सांगा? कारखान्यात काजं करताना बरी असते मी. घराचं दार आलं की पाय उचलत नाहीत."

"मला इथेच बरं वाटतं गं."

"तुम्हाला वाटणारच! तुमच्याकडे आहे काहीतरी. रविवारी तुम्ही दोघं इथे खिदळायचात. मी आत भांडी घासायचे. एकदा तरी हाक मारलीत? 'ये, तूही बस,' असं एकदा तरी? माझ्या वाटणीला काय आलं तिचं? ताप मोजणं आणि केस धुणं!"

रंगारी खाली बसला. पोत्यात हात घालून त्याने एक पितळी कडी बाहेर काढली आणि चिठ्ठीसकट तिच्यापुढे धरली.

"फेक सगळं. नाही अडवत. पण त्याआधी एवढं सांग, यात काय लिहिलंय? ही कडी कुठली ते मला आठवत नाही. काहीच आठवत नाही मला. तिचं बोलणं माझ्या हातात आहे आणि मला वाचता येत नाही."

आईने हातातलं खाली ठेवलं. मग तिने चिठ्ठी घेतली. सातवीपर्यंत शिकलेली बाई, बोट ठेवून वाचू लागली.

"पितळी कडी. टेकाडावरच्या बंद घराची. बंद घर रंगवायला बाबांना आवडत नाही. म्हणतात, आत कुणीतरी ऐकत बसलंय असं वाटतं. मी म्हटलं, मग गाणं म्हणा. तर म्हणतात, माझं गाणं ऐकून ते पळून जाईल."

शेवटच्या ओळीला तिचा आवाज वेगळाच झाला. थोडा वरचा, थोडा खोडकर. दोघांनीही तो ओळखला. रंगाऱ्याने तोंडावर हात दाबून धरला. आई त्याच्या शेजारी जमिनीवर बसली, आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा ती दोघं एकमेकांना धरून रडली.

"अजून एक वाच," तो म्हणाला.

"नको. रोज एकच. संपतील हो."

दुसऱ्या दिवशी भाऊ पोती न्यायला आले. आईने दार अर्धवट उघडून सांगितलं, "दादा, पोती धुवायला टाकलीत. नंतर या." रिकाम्या पोत्यांचं धुणं कुणी काढतं का! दादा आल्या पावली निघून गेले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, ती कामावरून आली की हातपाय धुऊन ती दोघं माझ्यासमोर बसायची. एक वस्तू, एक चिठ्ठी. त्याला सगळं आठवायला लागलं असं नाही. पण तो म्हणायचा, "बरोब्बर."

एका संध्याकाळी खणाच्या कोपऱ्यात एक निळं बटण निघालं. पाच भोकांचं. कारखान्यात साच्याच्या चुकीने तसं तयार झालं होतं. आईने ते काही वर्षांपूर्वी कौतुकाने घरी आणलं होतं. रंगारी तेव्हा हसला होता, "बटण काय जपायचं?" तिने पुन्हा कधी काही आणलं नाही. आता तिने चिठ्ठी उलगडली.

"निळं बटण. हे आईने आणलं. बाबांनी टाकलं होतं, मी उचललं. या कपाटात आईची एवढी एकच वस्तू आहे. तिला एकदा बोलावून दाखवायचं आहे. रविवारी ती कामात असते."

आईने ती चिठ्ठी पुन्हा वाचली. मग पुन्हा. रंगारी मान खाली घालून म्हणाला, "मी चुकलो गं." बटण मुठीत धरून ती तशीच बसून राहिली आणि चूल पेटवायची राहून गेली.

दिवस गेले. चिठ्ठ्या संपत आल्या. मला वरून खाली दिसत होतं ना, चौथी फळी संपली. उरली ती सगळ्यांत खालची. आठ वस्तू, आठ कोऱ्या चिठ्ठ्या. उद्या काय?

त्या संध्याकाळी आईने हिरव्या काचेचा तुकडा उचलला. चिठ्ठी पालथी केली, पुन्हा उताणी केली. दोन्ही बाजू पांढऱ्या. रंगारी समोरच बसला होता. त्याला अक्षर लावता येत नाही, पण कागद कोरा आहे की लिहिलेला, हे न कळण्याइतका तो आंधळा नव्हता. आणि ती चिठ्ठी तर त्यानेच बांधली होती.

आईने कोऱ्या कागदावर बोट ठेवलं.

"हिरवी काच," ती वाचू लागली. बोट हळूहळू पुढे सरकत होतं. "बाबा ही दाखवायला दवाखान्यात घेऊन आले होते. मी झोपले होते, म्हणून त्यांनी मला उठवलं नाही. उशाशी उभे राहून काच नुसती उजेडात धरली. माझ्या अंगावर हिरवं ऊन पडलं. मला ते कळलं होतं."

ओळ संपल्यासारखं तिने बोट थांबवलं.

"पुढे?" त्याने विचारलं.

"एवढंच लिहिलंय."

"अक्षर नीट आहे ना? आजारी होती, हात कापत असेल."

"नाही हो. नेहमीसारखंच आहे."

रंगारी तिच्याकडे बघत राहिला. तिचे डोळे गच्च भरले होते आणि त्याचेही. मग त्याने नेहमीसारखी मान डोलवली. "बरोब्बर," तो म्हणाला.

त्या आठही चिठ्ठ्या आता संपल्या आहेत. रंगारी पुन्हा कामावर जातो, पण खरं सांगू, रंगवण्यासाठी जात नाही. रोज काहीतरी घेऊन येतो. कधी खिळा, कधी फरशीचा टवका, कधी काहीच मिळालं नाही तर रस्त्यावरचा खडा. त्याला कोरी चिठ्ठी बांधतो आणि माझ्यात ठेवतो. संध्याकाळी ती वाचते. कधीकधी तिलाही काही सुचत नाही. तेव्हा कोऱ्या कागदावर तिचं बोट एकाच जागी थांबून राहतं आणि तो घाबऱ्याघुबऱ्या म्हणतो, "सावकाश वाच, घाई नाही." त्या वेळी दोघांचे चेहरे बघवत नाहीत मला.

मी आता म्हातारा झालोय. मधली फळी वाकली आहे, काच एका बोटाने काय, दोन हातांनीही नीट सरकत नाही. पाठीच्या लाकडाला कीड लागलीय. हे ओझं मी किती दिवस पेलीन, सांगता येत नाही. मी मोडलो तर ती दोघं कुठे बसतील, या विचाराने माझा जीव टांगणीला लागतो.

म्हणून एक मागणं आहे. तुम्ही कधी या घरात आलात, तर रंगारी तुम्हाला हौसेने माझ्यासमोर बसवेल. "आमच्या भिंगरीने लिहिलंय," म्हणून एखादी चिठ्ठी तुमच्या हातात देईल आणि म्हणेल, "वाचा की जरा." चिठ्ठी कोरी असेल. कृपा करून तसं म्हणू नका. कागदावर बोट ठेवा, आणि जे सुचेल ते, हळू आवाजात वाचा.