खोडलेली बरोबर उत्तरं

डोक्यावरचे निम्मे केस गेले तरी वहिनीसाठी तो छोटूच. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, गणितही तिनंच डोक्यात भरलं. त्याच गणिताच्या जोरावर तो आता एका गणिती सॉफ्टवेअरचा कर्ता होता, आणि कॉलेजात शिकवणारी वहिनी त्याचं सर्वांत भाबडं गिऱ्हाईक.

त्या सॉफ्टवेअरमध्ये जागांची अदलाबदल कंसांत मांडायची. (१ २) म्हणजे एक जातो दोनच्या जागी, दोन एकच्या. दोन कंस शेजारी आले की त्यांचा गुणाकार, त्यात आधी उजवा करायचा. वहिनीची शिस्त तीच, माहितीपुस्तिकेतही तेच. गेल्या वर्षी वेग वाढवायच्या नादात छोटूनं हा क्रमच उलटा करून ठेवला. (१ २)(२ ३) चं उत्तर (१ २ ३) यायचं, ते (१ ३ २) येऊ लागलं. आठ महिन्यांनी चूक ध्यानात आली, तेव्हा त्यानं ती गुपचूप निस्तरली आणि बदलांच्या यादीत लिहून टाकलं, 'किरकोळ सुधारणा'.

नेमक्या त्याच आठ महिन्यांत वहिनीनं शोधनिबंध पुरा केला होता. नियतकालिकाकडून निबंध परत आला. निम्मे गुणाकार चुकीचे.

रविवारी दुपारी तिनं त्याला बोलावलं, चहा दिला आणि एक कागद पुढे सरकवला. राजीनामा. भाषा तेवढी बघ म्हणाली. शेजारी तिची वही होती. पानोपानी हातानं काढलेली उत्तरं लाल रेघेनं खोडलेली, खाली सॉफ्टवेअरची उतरवलेली. परवा पुन्हा आकडे घातले तर उत्तरं निराळीच आली. म्हणजे तेव्हा टाईप करतानाही आपणच घोळ घातला, असं ती हसत सांगत होती. डोकं गंजलं, आता पोरांचं नुकसान नको.

छोटूनं कप खाली ठेवला. खोडलेलं प्रत्येक उत्तर बरोबर होतं. गप्प राहिला असता तर कुणाला कळणार होतं? एका देवाला सोडून कुणालाच नाही.

"वहिनी, तुझं काही चुकलं नाही. चुकलो मी. आणि वर लपवलं."

मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं. ती कितीतरी वेळ पानं उलटत राहिली. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं.

"किती जण वापरतात हे?"

"नऊशेक."

"त्यातल्या कितीजणांनी आपलं बरोबर असलेलं खोडलं असेल रे?"

त्यानं तिथंच लॅपटॉप उघडून सर्वांना पत्र लिहायला घेतलं. सुरुवात केली, 'काही तांत्रिक कारणामुळे'. वहिनीनं पडद्यावर बोट ठेवलं. "कारणाला हात असतात का? 'मी' लिही."

त्यानं 'मी' लिहिलं. पत्र गेलं.

राजीनामा उचलून तिनं कपाटात ठेवला. फाडला मात्र नाही. मग वही ओढून खोडलेलं पहिलं उत्तर ती नव्यानं लिहू लागली. निम्मी पानं मी करतो, म्हणत त्यानं हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली. "तू नुसता बस."

तो बसून राहिला.