चित्रातलं हिरवं बटण

आमची अक्का रुसली की घरातली घड्याळंसुद्धा दबकून चालतात. या वेळी ती तिच्या जुन्या, साध्या फोनवरूनच रुसली.

"बोट झिजलं माझं दाबून दाबून, धाकट्या. एकानं उचलला नाही. नात आली आणि म्हातारी नकोशी झाली होय रे?" एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होतो, वाढवलं ते तिनंच. ती दुसऱ्या गावी एकटी असते. गुडघे धरलेत, प्रवास होत नाही. माझ्या मुलाला मुलगी झाली आणि अक्काला तिचं तोंड बघायचं होतं. म्हणून मुलानं तिला चेहरा दिसणारा फोन धाडला.

तो वापरायचा कसा, हे शिकवायचं काम सूनबाईनं अंगावर घेतलं. तिचा धंदाच तो. कंप्युटरच्या प्रोग्रॅमबरोबर कुठं काय दाबायचं ते सांगणारी पानं असतात ना, ती ही लिहिते. ओली बाळंतीण, तरी मांडीवर पोर घेऊन बसली. आपल्या फोनच्या स्क्रीनचे फोटो काढले, लाल बाण मारले, खाली 'हे हिरवं बटण दाबा' असं लिहिलं, आणि पाठवून दिलं अक्काच्या फोनवर.

"बाबा, खरंच एकही कॉल आला नाही हो," सून रडकुंडीला आली.

"नेटवर्क नसेल," मुलगा म्हणाला.

"तू गप," मी म्हटलं. "तुझं घोडं कायम नेटवर्कवरच अडतं."

मी पडलो नळवाला. पाणी येत नाही म्हटल्यावर घरी बसून कळत नसतं, नळाशी जावं लागतं. बस धरली आणि गेलो.

"आलास?" अक्का दारातच म्हणाली. "फोन उचलायला जमत नाही, यायला बरं जमलं!"

"आधी दाबून दाखव."

तिनं चष्मा लावला. सुनेनं पाठवलेला फोटो उघडला, सगळा स्क्रीन भरून. आणि त्या फोटोतलं हिरवं बटण दाबलं. पुन्हा दाबलं, अंगठ्यानं, जोर लावून.

"बघ. मोठं होतं, लहान होतं, पण वाजत म्हणून नाही."

हसू ओठापर्यंत आलं आणि तिथंच थिजलं. ही बाई इतके दिवस चित्रातलं दार ठोठावत बसली होती, आणि आत आम्ही आहोत असं समजत होती.

सुनेला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "चूक माझी आहे, बाबा. फोनचं चित्र फोनवरच बघितलं तर ते खरंच वाटणार ना! आणि आत्यांचा फोनही वेगळा. तुम्ही त्यांच्याच स्क्रीनचे फोटो पाठवा मला."

त्यासाठी दोन बटणं एकदम दाबायची म्हणे. पहिल्या खेपेला मी फोनच बंद पाडला.

"घे! होता तोही गेला," अक्का म्हणाली.

कसेबसे फोटो गेले. सुनेनं ते कापून मोठे केले. एका चित्रात एकच गोल, बाकी सगळं फिकं, आणि कडा कागद फाडल्यासारख्या. कोपऱ्यावरच्या दुकानात छापून घेतले आणि अक्कासमोर ठेवले.

"हे फाटकं कशाला?"

"हे नुसतं चित्र, हे कळावं म्हणून. बघायचं कागदावर, दाबायचं फोनवर."

"मग हे आधी सांगायला तोंड दुखत होतं का तुमचं?"

मी हात मागं बांधून उभा राहिलो. तिनं कागद बघितला, फोन बघितला, पुन्हा कागद. आणि दाबलं.

वाजला! समोर सूनबाई. "आत्या! अहो आत्या! बाळ आत्ताच झोपलंय. उठवू का?"

"खबरदार! झोपलेलं पोर उठवतात का कुणी? तू फोन तिथंच टेकव आणि जा, जेवून घे."

सुनेनं फोन पाळण्याला टेकवला. अक्का बघत बसली. मी काही बोलायला गेलो तर हातानंच गप्प केलं. बऱ्याच वेळानं, अगदी हळू म्हणाली,

"धाकट्या, तूही असाच मुठी आवळून झोपायचास."