लग्नाच्या सीडीतला मार

पुंजारामनं स्वतःला मार खाताना पहिल्यांदा पाहिलं ते बदनापूर स्टेशनावर, एका अनोळखी माणसाच्या मोबाईलमध्ये. चहा पिता पिता त्या भल्या माणसानं आपणहून मोबाईल पुढं केला. "बघा भौ, लग्नातला चोर. कसा धुतलाय!"

पुंजारामचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा, त्यामुळं नजरही धंद्यातली. "काढणाऱ्याचा हात हलून राह्यला," तो म्हणाला. "अन् उजेड मागून घेतलाय."

"तुमाला लई कळतंय यातलं."

"थोडंफार. तो चोर मीच हाय."

माणसानं एकदा मोबाईलकडं पाहिलं, एकदा पुंजारामकडं, आणि अर्धा चहा तसाच ठेवून तो फलाटाच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला. जाता जाता खिशातलं पाकीट चाचपलं.

घडलं होतं ते एवढंच. पिंपळगाव रेणुकाईला रामकिसन आप्पांच्या पोराचं, धर्मराजचं लग्न. अक्षता पडल्या आणि नवरदेवाचा नवा कोरा मोबाईल सापडेना. नवरदेवाच्या सगळ्यात जवळ कोण होतं? शूटिंगवाला. एवढ्या पुराव्यावर मंडळींनी त्याला तुडवलं. मग मोबाईल नवरदेवाच्याच खिशात वाजला. "जाऊ द्या, लग्नकार्यात व्हतंच," म्हणत सगळे पंगतीला बसले. पुंजारामलाही आग्रहानं वाढलं. एक डोळा सुजला होता, तरी त्यानं पाठवणी शूट केली. शूटिंगला एक डोळा तसाही मिटावाच लागतो.

पण पाहुण्यांपैकी कुणीतरी मोबाईलमध्ये मार तेवढा टिपला होता, आणि नवरदेवाचा मोबाईल वाजायच्या आत शूटिंग थांबवलं होतं. तो तुकडा ब्लूटूथनं गावोगाव हिंडला आणि शेवटी मस्तगडच्या बद्रीनाथच्या वेबसाईटवर जाऊन बसला. वर मथळा: 'चोराला चोप'.

"लग्नं मोडून राह्यली," बायको दुर्गाबाई म्हणाली. "म्हंजी आपल्याकडची. चोराला मांडवात कोण घेतंय? आज पुन्हा एकाचा फोन आल्ता."

पुंजाराम मस्तगडला गेला. बद्रीनाथ आपल्या नेट कॅफेत पंख्याखाली बसला होता. वेबसाईटचा मालक, संपादक आणि वार्ताहर तोच.

"बद्रीनाथ, ते काढ."

"काढू कसं? आपल्या साईटवर इतकं कोणी कधी काही बघितलंच न्हाई, भौ. शेतकी मेळाव्याची बातमी टाकली, ती मी अन् माझ्या मेव्हण्यानं बघितली."

"मोबाईल नवरदेवापाशीच सापडला. मंग ते लिही."

"सापडलेलं कोण बघतंय?" बद्रीनाथ खुर्ची ओढून जवळ आला. "त्यापेक्षा असं करा. तुमच्या कॅमेऱ्यात साफ आलं असंल. तो मार द्या. खाली 'सौजन्य: पुंजाराम' टाकतो."

"मार बी माझा, अन् सौजन्य बी माझंच?"

"बराबर. तुमचा फायदाच की."

पुंजाराम घरी आला. कॅमेरा त्या दिवशी स्टँडवर चालूच राहिला होता, कुणाच्या तरी लाथेनं आडवा होईपर्यंत. त्यानं ते सगळं कॉम्प्युटरवर घेतलं आणि मिक्सिंगला बसला.

"बद्रीनाथला देणार का काय?" दुर्गाबाईनं विचारलं.

"लग्नाची सीडी पुरी करून राह्यलो. लग्नात जे घडलं ते आलं पाहिजे."

पहिली सीडी आप्पांकडं गेली आणि दुसऱ्याच दिवशी आप्पा धर्मराजला घेऊन दारात. फेटा वाकडा, आवाज चढलेला.

"पुंजाराम! लेकीचे सासरे घरी आल्ते. त्यांच्यापुढं लावली सीडी! मंगलाष्टका संपल्या अन् हे काय?"

मंगलाष्टका संपल्यावर सनई सुरू होत होती आणि पडद्यावर बदाम तरंगत येत होते. प्रत्येक बदामात एकेक चेहरा, खाली पत्रिकेसारखी सोनेरी अक्षरं. व्यवस्थापक: नवरदेवाचे मामा (लाथ). कार्यवाहक: थोरले चुलते (पट्टा). शुभाशीर्वाद: रामकिसन आप्पा (हात मागं बांधून उभे). मोबाईल वर धरलेलं समस्त मित्रमंडळ. आणि जिथं पुंजाराम पडला होता तिथं एक टपोरा लाल गुलाब उमलत होता, मिटत होता.

"मार कुठं दाखवलाय आप्पा? मारणारे दाखवलेत. बघणारे दाखवलेत."

"काढ ते. जल्दी."

"तुमी नेटवरचं काढा."

"ते आमच्या हातात हाय का?"

"मंग हे बी माझ्या हातात न्हाई. बाकीच्या सीड्या तयार हायेत. मामांकडं नेऊन देऊ का?"

"तुला पुन्हा..." आप्पांनी हात उचलला.

"थांबा." पुंजारामनं कॅमेरा खांद्यावर घेतला. "हं. आता मारा."

आप्पांचा हात वरच राहिला. मग त्यांनी त्याच हातानं फेटा सरळ केला.

पुढच्या सोमवारी मस्तगडच्या कॅफेत एक जागा शिल्लक नव्हती. मामा, चुलते, मित्रमंडळ, सगळे कॉम्प्युटरपुढं हाताची घडी घालून बसले होते. कॉम्प्युटर एकानंही चालू केला नव्हता. गिऱ्हाईक दारातून परत जात होतं.

"काय पाहिजे तुमाला?" बद्रीनाथ रडकुंडीला आला.

"काही न्हाई," मामा म्हणाले. "आमी बघून राह्यलो."

संध्याकाळच्या आत 'चोराला चोप' वेबसाईटवरून गेलं.

"काढायला लावलं," आप्पा येऊन म्हणाले. "आता तुझं काढ."

"साईटवरून गेलं. लोकांच्या मोबाईलमध्ये मी अजून चोरच हाय. त्याचं काय?"

"ते आता कोण गोळा करणार, बाबा?"

"कोणी न्हाई. म्हणून त्याच्या मागं दुसरं सोडायचं. धर्मराज, इकडं ये. या भिंतीपाशी उभा राह्य. मोबाईल कुठं व्हता, ते सांग. मंग हे ज्यानं त्यानं ब्लूटूथनं पाठवायचं. ज्याला ज्याला मार पाठवला, त्याला त्याला. तोवर बदाम हालत न्हाईत."

धर्मराजनं बापाकडं पाहिलं. आप्पा छताकडं बघत होते. दुर्गाबाई दिवा धरून उभी राहिली.

"फोन... माझ्याच खिशात व्हता," धर्मराज पुटपुटला. "पुंजारामभाऊंनी चोरला न्हाई. आमी उगंच मारलं."

पुंजारामनं कॅमेरा खाली घेतला, टिपलेलं मागं नेऊन बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

"आवाज आला न्हाई. पुन्हा बोल. अन् मारताना जेवढा मोठा व्हता, तेवढाच काढ."